दीड तोळ्याचं बॉनेट

सोनं कुठं घालावं याचे मराठी घरात संकेत ठरलेले आहेत. गळा, कान, हात. फारच ऐपत असली तर दात. कमरेखाली सोनं घालायचं नाही, म्हणून पैंजण आणि जोडवी चांदीची. उरलेलं बँकेच्या लॉकरमध्ये. तिथून ते लग्नकार्यापुरतं बाहेर येतं आणि दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन उभं राहतं. मोटारीच्या इंजिनाला सोनं घालावं, असं कुठल्याही आजीनं आजवर सांगितलेलं नाही.

गॉर्डन मरे यांनी ते घातलं. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये 1946 साली जन्मलेले हे गृहस्थ इंग्लंडमध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीच्या गाड्या रचण्यात मुरले आणि 1992 साली त्यांनी मॅक्लारेन एफ-1 ही रस्त्यावर चालवायची गाडी जगापुढे ठेवली. माणसं तीन, चालवणारा मधोमध, आणि त्याच्या पाठीशी बीएमडब्ल्यूचं 6.1 लिटरचं बारा सिलिंडरी इंजिन. त्या इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा वर्ख. सुमारे 16 ग्रॅम, म्हणजे सराफाच्या हिशेबानं दीड तोळ्याच्या थोडं वर. एवढ्यात आपल्याकडे बऱ्यापैकी मंगळसूत्र होतं, आणि ते चारचौघांत दिसतं तरी.

मरे वजनाच्या बाबतीत महाचिक्कू. गाडी साडेअकराशे किलोच्या आत बसावी म्हणून त्यांनी सांगाडा कार्बन फायबरचा केला. गाडीबरोबर मिळणारी हत्यारंसुद्धा टायटॅनियमची. असा ग्रॅमाग्रॅमाला घासाघीस करणारा माणूस सोन्यासारखा जड धातू विकत घेतो, तेव्हा त्यामागं हौस नसते, नाइलाज असतो. कार्बन फायबरचे धागे ज्या राळेत बसवलेले असतात ती राळ फार तापली की नरम पडते, आणि बारा सिलिंडरांची एक्झॉस्टची नळकांडी तिच्यापासून वीतभर अंतरावर रसरसत असतात. उष्णतेच्या अदृश्य किरणांना सोन्याइतकं सफाईनं परतवून लावणारे धातू फार थोडे. शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव किरण ते आल्या पावली परत पाठवतं, काळंही पडत नाही. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या साडेसहा मीटर रुंद आरशावरही याच गुणासाठी सोनं चढवलंय, सुमारे 48 ग्रॅम. म्हणजे तीन मॅक्लारेनचं. दुर्बिणीला ते किरण गोळा करायचे असतात आणि गाडीला हाकलायचे असतात, एवढाच फरक.

'गाडीत पैसे घालण्यापेक्षा सोन्यात घाल,' असं आपल्याकडे वडीलधारे सांगतात. इथं दोन्ही एकदम साधलं. नवी असताना साधारण साडेपाच लाख पौंडांची ही गाडी 2021 साली अमेरिकेतल्या एका लिलावात 2 कोटी डॉलरच्या वर गेली. नुसत्या सोन्याला हा परतावा जमलेला नाही, घडणावळ माफ केली तरी. मिस्टर बीनचं काम करणारे रोअन अ‍ॅटकिन्सन यांच्याकडे बरीच वर्षं यातली एक गाडी होती. पडद्यावर ते लिंबाच्या रंगाच्या मिनीला कडीकुलूप लावत हिंडायचे, आणि घरी ही. अभिनय म्हणतात तो याला.

हे सगळं कशासाठी, तर स्पोर्ट्स कार ही मुळात भट्टी आहे म्हणून. विकत घेणारा हॉर्सपॉवर विचारतो, सेल्समन हॉर्सपॉवर सांगतो, शेजारी हॉर्सपॉवर ऐकून जळतो. पण पेट्रोल कुठं जातं हे कुणी विचारत नाही. ढोबळ हिशेब असा, की पेट्रोलमधल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा कामी येतो, तिसरा रेडिएटरच्या पाण्यातून आणि इंजिनाच्या अंगावरून हवेत जातो आणि तिसरा सायलेन्सरवाटे धुराबरोबर. मुंबईत पेट्रोल लिटरला शंभराच्या वर गेलं तेव्हापासून मला हा हिशेब जास्तच टोचतो. शंभराच्या नोटेतले तीसेक रुपये आपल्या प्रवासाचे, बाकी सत्तर आसमंत गरम करायला. नागपूरकरांनी तरी हे खपवून घेऊ नये.

साध्या गाडीत हे निभावून जातं, कारण मुळात आगच बेताची. पण बुगाटी वेरॉन घ्या. 2005 साली आलेल्या या गाडीची ताकद 1001 हॉर्सपॉवर. वरचा एक आहेराच्या पाकिटातला असावा. या 1001 कामाच्या घोड्यांमागं त्याच हिशेबानं दोनेक हजार बिनकामाचे घोडे नुसते तापत उभे असतात. त्यांना गार ठेवायला त्या गाडीत 10 रेडिएटर आहेत. गाडी घ्यायला गेलो आणि रेडिएटरचं दुकान घेऊन आलो, असा प्रकार.

पाण्यावाटे जाणारी उष्णता त्यातल्या त्यात गरीब. तिला वाट आखून दिलेली असते, ती नळीतून जाते, रेडिएटरमध्ये अंग टाकते. खरा उपद्रव एक्झॉस्टचा. पूर्ण जोर लावलेल्या इंजिनातून जळका वायू बाहेर पडतो तो 800 ते 900 अंशांचा. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, आणि हा वायू ज्या सिलिंडर हेडमधून बाहेर येतो ते बहुधा अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. आतून सतत पाणी फिरतं म्हणून ते शाबूत राहतं. पुढच्या नळ्यांना ते सुख नाही. कारखान्यातल्या चाचणीच्या खोलीत दिवे घालवून इंजिन पळवलं, की या नळ्यांचा जुडगा, म्हणजे मॅनिफोल्ड, गाभाऱ्यातल्या निखाऱ्यासारखा लाल दिसतो.

त्यातही निसर्गानं एक खोड करून ठेवली आहे. तापलेली वस्तू किती झळ टाकते, हे ऑस्ट्रियातल्या जोसेफ श्टेफान यांनी 1879 साली मांडलं आणि त्यांचे विद्यार्थी लुडविग बोल्ट्समान यांनी 1884 साली त्याची सैद्धांतिक बैठक घालून दिली. झळ तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, आणि तापमान मोजायचं ते निरपेक्ष शून्यापासून. आकडेमोड करून पाहिली तर 300 अंशांची नळी 900 वर गेली, की तिची झळ तिप्पट होत नाही, सतरापटींच्याही वर जाते. गुरुशिष्यांनी हा नियम काढला तेव्हा मोटारी नव्हत्या. त्यानंतर त्या आल्या आणि नियमानं त्यांना बरोबर गाठलं.

बॉनेटखालचं जग समजून घ्यायचं, तर एक तापट आजोबा असलेलं एकत्र कुटुंब डोळ्यांपुढं आणावं. मॅनिफोल्ड हे आजोबा. घर त्यांच्याच जिवावर चालतं, पण त्यांच्या शेजारी बसायला कुणी राजी नाही. रबरी नळ्या ही सोशिक मंडळी. वर्षानुवर्षं काही बोलत नाहीत, आतल्या आत कडक होत जातात आणि एक दिवस ऐन गर्दीत तडकतात. बॅटरी प्रकृतीनं नाजूक. उष्णता वाढली की तिच्यातली रासायनिक लगबग वाढते आणि आयुष्य आटतं. ब्रेकचं तेल दिसायला शांत. डीओटी-4 जातीचं ताजं तेल 230 अंशांच्या आत उकळणार नाही, असं प्रमाणपत्र मिरवतं. पण ते हवेतलं पाणी पीत असतं, आणि पुरेसं पाणी मुरलं की 155 वरसुद्धा उकळू शकतं. ब्रेकचं तेल उकळलं, की पायाखालचं पेडल बुडबुड्यांवर दबतं आणि गाडी स्वतःच्या मर्जीनं पुढं जाते. कोकणातून मुंबईला येऊन स्थायिक झालेल्या कुणालाही ही दमट हवेची गोष्ट नवी नाही.

सगळ्यांत केविलवाणी अवस्था हवा आत ओढणाऱ्या नळीची. इंजिनाला हवा गार हवी, कारण गार हवा दाट असते. बॉनेटखालची 30 अंशांची हवा तापून 60 वर गेली, की तेवढ्याच जागेतला प्राणवायू जवळजवळ दहावा हिस्सा कमी होतो. त्यातून आताच्या गाड्यांमधला संगणक धसका घेतो आणि ठिणगी उशिरा पाडायला लागतो. इंजिन स्वतःच घर तापवतं आणि मग 'घरात अगदी गुदमरायला होतं' म्हणून हातपाय गाळतं. आजोबांचंही असंच असतं.

आजोबांचा स्वभाव बदलणं कुणाच्या हातात नाही. उष्णता नाहीशी करता येत नाही, तिचा फक्त पत्ता बदलता येतो. इथली झळ तिथं, तिथली पलीकडं. मोटारीतल्या उष्णतेच्या व्यवस्थापनाबद्दल जेवढं शास्त्र आहे ते सगळं, ती कुणाच्या अंगावर ढकलायची, याबद्दलचं आहे.

पहिला विचार कुणालाही सुचतो तो खिडकीचा. 1961 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या जॅग्वार ई-टाइपचं बॉनेट म्हणजे गाडीची जवळजवळ निम्मी लांबी, आणि त्यावर वाफा बाहेर सोडायला तिरप्या फटींच्या रांगा. सुरुवातीच्या गाड्यांत या फटींचे पत्रे वेगळे करून बॉनेटमध्ये वेल्डिंगनं बसवत. पुढं त्या बॉनेटमध्येच ठोकून काढायला लागले. आज त्या जुन्या, जास्त कटकटीच्या फटी असलेल्या गाडीला शौकीन जास्त भाव देतात. फटी त्याच, वारा तोच, पण वेल्डिंगची पाहिजे. कांजीवरमचा काठ वेगळा विणून जोडलेला आहे की नाही, हे उलटं करून बघणाऱ्या बायकांना यात काही नवल वाटणार नाही.

लॅम्बोर्गिनी मिऊरात, 1966 साली, इंजिन माणसांच्या पाठीमागं आडवं टाकलं होतं. त्याला श्वास घेता यावा म्हणून वरच्या बाजूला काचेऐवजी आडव्या पट्ट्या दिल्या. मागचं दिसत नाही, अशी तक्रार असेल तर एवढ्या वेगानं जाणाऱ्यानं मागचं बघायचं कशाला, असा इटालियन बाणा. त्या गाडीचे कार्ब्युरेटर शर्यतीच्या वळणाचे, सतत धावण्यासाठी जन्मलेले. सिग्नलला उभं राहायची त्यांना सवय नाही. उभ्या उभ्या पेट्रोल वर साठायचं आणि हिरवा दिवा लागताच पाय दाबला, की कधी कधी गाडीच्या आधी ज्वाळा निघायच्या. इतकी देखणी गाडी इतक्या वेळा पेटली, की तिच्या पेटण्यालाही आता इतिहासाचा मान मिळाला आहे.

फेरारीनं 1984 च्या पॅरिस प्रदर्शनात आणलेल्या टेस्टारोसाच्या दोन्ही कुशींवरच्या त्या प्रसिद्ध लांबलचक पट्ट्यांना जगानं किसणी म्हणून हिणवलं. पण त्यामागची कथा उष्णतेचीच. आधीच्या गाडीत इंजिन मागं आणि रेडिएटर पुढं, म्हणून उकळत्या पाण्याच्या नळ्या प्रवाशांच्या शेजारून जायच्या. लाखो रुपये मोजून घेतलेल्या गाडीत श्रीमंत लोक घामाघूम. म्हणून रेडिएटर मागं दोन कुशींना नेले, त्यामुळं गाडी मागं रुंद झाली, त्यांना हवा मिळावी म्हणून कुशीत मोठी भगदाडं पडली, आणि काही देशांत एवढी भगदाडं उघडी ठेवायला कायदा आड आला म्हणून त्यांवर पट्ट्या आल्या. ऐंशीच्या दशकातल्या पोरांनी ज्या पट्ट्यांची पोस्टरं भिंतीवर चिकटवली, त्या मुळात एका तुंबलेल्या घामाची सोय होत्या.

खिडकीच्या बाबतीत हौशी लोकांचा एक लाडका उपाय आहे. बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली दोन-दोन वॉशर घालायचे, म्हणजे काचेकडची कड बोटभर वर उचलली जाते आणि तिथून गरम हवा निघून जाते. पोरं हा उपाय एकमेकांना मोठ्या गुपितासारखा सांगतात. दिसतंही शर्यतीतल्यासारखं. अडचण एवढीच, की गाडी वेगात असताना पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवा येऊन आपटते आणि तिथं दाब वाढतो. त्यामुळं हवा त्या फटीतून बाहेर पडण्याऐवजी आत शिरते. अमेरिकन कंपन्यांनी तर याच कारणासाठी इंजिनाला हवा तिथूनच ओढायला लावली होती. गाडी उभी असताना मात्र फटीतून गरम हवा झकास निघते. म्हणजे पुण्यातल्या लक्ष्मी रोडवर हा उपाय रामबाण, आणि एक्स्प्रेसवेवर उलटा. आपल्याकडे गाड्या बहुतांश वेळ कुठं असतात ते लक्षात घेता, पोरं तितकीशी चुकत नाहीत.

खिडकी नाही जमली तर भिंत. आजोबांच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये पत्रा घालायचा. चकचकीत, मध्ये हवेची पोकळी ठेवलेला दुहेरी पत्रा फार काम करतो. आता यात सोन्याच्या रंगाची चिकटपट्टीही मिळते. मॅक्लारेनची आठवण यावी म्हणून पिवळीधमक. त्यातलं सोनं बहुधा एक ग्रॅमच्या दागिन्यांइतकंही खरं नसतं; उष्णता सोसणारं प्लॅस्टिक आणि मागं अ‍ॅल्युमिनियम. पण पट्टी कामाची आहे, आणि बॉनेट उघडल्यावर बघणाऱ्याच्या तोंडून 'बापरे' निघतं तेही कामाचंच.

भिंतीतही दगा होतो. 2010 साली फेरारी 458 इटालिया जातीच्या काही गाड्या पेटल्या. शोध घेतला तेव्हा गुन्हेगार सापडला मागच्या चाकाच्या कमानीत. तिथं उष्णता अडवण्यासाठी बसवलेला पत्रा ज्या गोंदानं चिकटवला होता, तो गोंदच तापून पेट घेऊ शकत होता. आगीपासून वाचवायला ठेवलेल्या पहारेकऱ्यानंच काडी ओढली. कंपनीनं तोवर बनवलेल्या 1248 गाड्या परत बोलावल्या आणि गोंद काढून पत्रा धातूच्या खिळ्यांनी पक्का केला. इटलीतल्या त्या थोर इंजिनिअरांना हे आपल्याकडच्या कुठल्याही पत्रे ठोकणाऱ्यानं विचारल्याबरोबर सांगितलं असतं: 'साहेब, चिकटवू नका, रिवेट मारा.'

तिसरी तऱ्हा अमेरिकनांची. आजोबांना घराबाहेर ओट्यावर काढायचं. कोब्रा आणि पुढं 1992 ची डॉज व्हायपर यांच्या एक्झॉस्टच्या नळ्या दारांखालून, गाडीच्या दोन्ही अंगांनी गेलेल्या. बॉनेट गार, वर आवाजही बहारदार. फक्त गाडीतून उतरताना पाय त्या नळीला लागला, की पोटरीवर डाग. कोब्रावाल्यांत या डागाला सर्पदंश म्हणतात आणि तो मिरवतात. आपल्याकडे एके काळी पोटदुखीवर बिब्ब्यानं किंवा तापल्या सळईनं डागत. इथं तोच उपचार लाखो डॉलर मोजून, आणि दुखणं नसताना. व्हायपरवर तर सावधगिरीची सूचनाच चिकटवलेली असे. चड्डी घालून ही गाडी चालवू नये, असा अर्थ त्यातून सुज्ञांनी काढायचा.

आता यात खरा पेच असा, की उष्णता नुसती शत्रू नाही. धुरातली विषारी द्रव्यं मोडणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीच-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला हातच लावत नाही. टर्बोला तर गरम, उसळता वायूच हवा. म्हणून 2014 च्या मर्सिडीज-एएमजी जीटीमध्ये इंजिनाच्या व्ही आकाराच्या खोबणीत, अगदी कुशीत, दोन्ही टर्बो बसवले. सगळा निखारा एका जागी. वायूला वाट कमी, प्रतिसाद झटपट, कन्व्हर्टर लवकर गरम, आणि आजूबाजूच्या वायरिंगची अवस्था मुंबईच्या लोकलमध्ये दाराशी अडकलेल्या माणसासारखी. एकीकडून कायदा म्हणतो, गरम ठेवा. दुसरीकडून रबर म्हणतं, मेलो. मध्ये इंजिनिअर.

म्हणून मग गुंडाळायचं. उष्णता नळीच्या आतच राहू द्यायची आणि मागच्या बाजूनं एकदाची रस्त्यावर सोडायची. श्रीमंतांसाठी यात सिरॅमिकचा लेप आहे. झिर्कोनियाची भुकटी प्लाझ्माच्या झोतातून नळीवर मारतात. इंग्लंडमधली झिर्कोटेक ही या धंद्यातली नावाजलेली कंपनी मूळची हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रातून निघालेली, आणि तिचा कारखाना अ‍ॅबिंग्डनला, जिथं 1980 पर्यंत एमजीच्या स्पोर्ट्स कार तयार व्हायच्या. अणुभट्टीसाठी शिकलेली विद्या मोटारीच्या नळीवर. भट्टी ती भट्टीच.

माझा भाचा त्याच परगण्यात राहतो, पण लेपाचं दरपत्रक बघून त्यानं कापडी पट्टी आणली. त्याच्याकडे साठच्या दशकातली दोन सीटची इंग्रजी गाडी आहे. नाव सांगत नाही. त्या गाडीच्या मालकांचे क्लब फार हळवे असतात. त्या काळच्या पुष्कळ इंग्रजी गाड्यांत कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच अंगाला, एकावर एक. चुलीवर पेट्रोलचं भांडं ठेवल्यासारखं. मध्ये एक पत्रा. गाडी धावत असते तोवर वारा सगळं सांभाळून घेतो. ती थांबते तेव्हा खेळ सुरू होतो. पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो, पण शेकडो अंशांचं लोखंड काही लगेच निवत नाही. ते आपली उष्णता शांतपणे वर पाठवतं. गाडी बंद केल्यावर बॉनेटखालचं तापमान काही मिनिटं वाढतच जातं, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं, आणि सुपरमार्केटमधून दूध घेऊन परत आलेल्या माणसाला स्टार्टर नुसता कण्हून दाखवतो.

खंडाळ्याचा जुना घाट चढलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. तेव्हा गाड्याच दोन होत्या, त्यामुळं त्यांचीही नावं नकोत. वळणावळणावर बॉनेट उघडी टाकून उभ्या असलेल्या गाड्या, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं घालून पंख्यासारखा पेपर हलवणारे काका, आणि 'वेपर लॉक झालाय' असं घरातल्या कुणाला तरी देवी आल्यासारखं सांगणाऱ्या काकू. ओल्या फडक्याचं शास्त्र चोख होतं. नळीतलं पेट्रोल वाफ झालं की पंप ते ओढू शकत नाही. नळी गार केली की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. इंग्लंडात फडकं घालायला लोक लाजतात. तिथं आधुनिक साहित्य विकत घेतात.

ते साहित्य आलं तेव्हा माझी ताई, म्हणजे भाच्याची आई, सहा महिन्यांच्या व्हिसावर तिथं होती आणि मीही पाहुणा होतो. काचेच्या धाग्यांची विणलेली रुंद पट्टी. बांधण्याआधी ती भिजवायची, म्हणजे कुसळं उडत नाहीत आणि नळीवर ती घट्ट बसते. भाच्यानं न्हाणीघरातल्या बादलीत पट्टी बुडवली, ओट्याशेजारी वर्तमानपत्रावर मॅनिफोल्ड आडवा ठेवला आणि एका नळीला वळसे घालायला लागला. ताई झोपेतून उठून आली.

"कुणाला लागलं रे?"

"कुणाला नाही आई. मॅनिफोल्ड आहे."

"पुसून घेतलास का आधी? घाणीवर पट्टी बांधू नये."

हे तिनं नकळत बरोबर सांगितलं होतं. प्रत्येक वळसा आधीच्या वळशावर थोडा चढवायचा, आत ओल कोंडता कामा नये. साध्या लोखंडाच्या नळीवर ही पट्टी पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि आतून नळी गंजून जाते. कळतं तेव्हा नळीच्या जागी पट्टीच उरलेली असते. म्हणून नळ्या बनवणारे पुष्कळ जण, पट्टी बांधली तर हमी रद्द, असं आधीच सांगून ठेवतात. भाच्याच्या नळ्या स्टेनलेसच्या होत्या. शेवटी स्टीलची पट्टीबंधनं आवळली, आणि एवढं करून हातमोजे न घातल्यानं तो दोन दिवस कोपरापर्यंत खाजवत राहिला. ताईनं खोबरेल चोळलं. "गाडीला गुंडाळतोस आणि स्वतः उघडा फिरतोस," एवढंच म्हणाली.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा पट्टीतून धूर निघाला. तो निघतोच, आतला चिकट पदार्थ जळून जातो आणि मग वास थांबतो. पण बॉनेटच्या चारही कडांनी पांढरा लोट बाहेर यायला लागल्यावर समोरच्या घरातले निवृत्त गृहस्थ चहाचा मग हातात घेऊन रस्ता ओलांडून आले. "तुमचा काही उद्योग चाललेला दिसतो, मध्ये पडायचं नाही मला," ते म्हणाले, "पण तुमची गाडी जराशी पेटली आहे, असं वाटतं." आपल्याकडे एवढ्यात तीन बादल्या, एक वाळूची गोणी आणि व्हिडिओ काढणारी बारा पोरं जमली असती. भाच्यानं त्यांना श्टेफान-बोल्ट्समान सांगितला. ते मग संपेपर्यंत ऐकत उभे राहिले आणि "मोठं मनोरंजक" म्हणून गेले.

पट्टीनं काम केलं, यात शंका नाही. भाच्याकडे बंदुकीसारखा धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर आहे. तो दर फेरीनंतर कार्ब्युरेटर, पत्रा, बॉनेटची आतली बाजू यांच्यावर लाल ठिपका रोखतो आणि आकडे वहीत लिहितो. आकडे उतरले. दूध आणल्यावर गाडी पहिल्या हाकेला सुरू व्हायला लागली. "मामा, हात लावून बघ," तो मला अभिमानानं म्हणाला. मी लांबूनच बघितलं.

आता बॉनेटखाली न पडलेली उष्णता गेली कुठं? ती नळीतून पुढं निघाली. त्या गाडीत एक्झॉस्ट डाव्या अंगानं गाडीच्या तळाखालून मागं जातो, आणि इंग्लंडात आपल्यासारखंच चालवणारा उजवीकडं. म्हणजे सगळी झळ डाव्या सीटच्या पायांशी. डाव्या सीटवर ताई. भाच्याच्या हे लक्षात आलं तेव्हा तो कासावीस झाला. त्यानं तातडीनं कार्पेटखाली घालायचा उष्णतारोधक चकचकीत रोल मागवला, रविवारी सीट सोडवायला घेतली, आणि ताई दारात येऊन उभी राहिली.

"कशाला काढतोस ती?"

"आई, खाली फार तापतं ना. तुला त्रास होतो."

"मला कुणी विचारलं का? हीटर तुझ्या घरात लावायचा नाही, बिल येतं. गाडीत तरी गुडघे शेकून निघतात. सीट ठेव जागेवर, आणि चल, मंदिरात जाऊन येऊ. जरा लांबच्या रस्त्यानं ने."

तो रोल शेडमध्ये उभा करून ठेवलाय. ताईचा व्हिसा संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं ठरलंय. पण आता तिनं मुदतवाढीचा अर्ज कसा करतात, याची चौकशी सुरू केली आहे.